मावशीच्या नावानं लिहिलेली पत्रं

नववीत असल्यापासून मी अक्काची पत्रं लिहून द्यायचो. अक्का आमच्या नात्यातली नव्हती. वडील दोंडाईच्याच्या स्टेशनवर बुकिंग क्लार्क होते, आम्ही रेल्वेच्या चाळीत राहायचो, आणि चाळीमागच्या पत्र्याच्या एका खोलीत ती एकटी राहायची. हिवाळाभर ती मिरचीच्या पथारीवर कामाला जाई. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घातलेली असायची, तिलाच पथारी म्हणायचे. तिथे बायका ओळीनं बसून देठ खुडायच्या. संध्याकाळी अक्का घरी आली की तिच्या अंगाला येणाऱ्या वासानं आम्हाला ठसका लागायचा. हातांची आग व्हायची म्हणून ती तळव्यांना गोडं तेल चोळायची, आणि डोळ्यांत काही गेलं तर आईला हाक मारायची. स्वतःच्या हातानं डोळा चोळायची सोय नव्हती.

वर्षातून दोन पत्रं, एक दिवाळीला आणि एक आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला. आमच्याकडे तो लेकींचा सण. आखाजीच्या पत्राबरोबर हिरव्या खणाचं एक पार्सलही जायचं. दोन्ही पारोळ्याला, तिथल्या मार्केटात तोलाई करणाऱ्या एका नानांच्या नावानं. आत मजकूर मात्र नानांच्या पुतणीला असायचा आणि शेवटी ‘तुझी मावशी’.

पहिली दोन वर्षं मी ते खरंच मावशीचं पत्र समजत होतो. अकरावीत असताना एकदा ती मजकूर सांगता सांगता थांबली आणि म्हणाली, “दोन वरीसनी व्हती भाऊ. मना पदरले धरी व्हती. मी तिना हातमाईन पदर सोडाई लिधा.” मी पेन टेकवलं, तशी तिनं हात वर केला. “हाई लिखू नको.”

दोन वर्षांच्या पोरीच्या मुठीतून हिनं आपला पदर सोडवून घेतला होता. म्हणजे पोर हिचीच होती. पुढच्या पत्रांच्या वेळी थोडं थोडं करून सगळं कळलं. नवरा लाकडानं मारायचा. एका पहाटे ती घर सोडून निघाली, तेव्हा सासूनं पोर नेऊ दिली नाही. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. पोरीला सांगितलं, तुझी आई तापानं गेली. नाना म्हणजे धाकटा दीर. त्यानंच पुढे गुपचूप निरोप धाडला होता, की पत्र लिहा, पोरीला वाचून दाखवीन, पण आई म्हणून नको, मावशी म्हणून लिहा.

तेव्हापासून दर पत्राला अक्काची दोन प्रकारची वाक्यं असायची. एक, लिहायची. मावशी बरी आहे, तू अभ्यास कर, केसांना तेल लाव. दुसरी, न लिहायची. ती सांगून झाली की ती म्हणायची, “हाई लिखू नको.” मी मान हलवायचो. लिहीत नसे, पण ऐकत असे. आणि माझं ऐकणं फार पक्कं होतं.

बारावी झाल्यावर मी जळगावला कॉलेजात गेलो. तिथे इंग्रजी शिकवणारे एक तरुण सर होते. त्यांचा भाऊ अमेरिकेत होता आणि तो त्यांना कॅसेटी पाठवायचा. नाचायची गाणी नव्हेत ती. एक माणूस, एक गिटार, गळ्यात तारेनं अडकवलेला माउथ ऑर्गन, आणि आवाज असा की आपल्याकडे त्याला भजनी मंडळातही कुणी बसू दिलं नसतं. रविवारी दुपारी सरांच्या खोलीवर आम्ही तीन-चार जण जमायचो. सर टेप थांबवून थांबवून एकेका ओळीचा अर्थ सांगायचे. खाणीत गाडल्या गेलेल्या माणसाची बायको रोज त्याचा डबा भरते, असं एक गाणं होतं. पुरात वाहून गेलेल्या गावाचं एक होतं. ट्रक चालवणारा एक जण बापाच्या मयताला वेळेवर पोचत नाही, असं एक. ताना नाहीत, मुरक्या नाहीत. चहाच्या टपरीवर बाजूचा माणूस आपली हकिकत सांगतो आहे, असं वाटायचं.

“हा गात नाहीये, सांगतोय,” सर म्हणायचे. “त्या माणसाचं नाव गाण्यात कुठे नाही. पण त्याच्या बुटांना कोळसा लागलाय, हे तुला दिसतं ना? तेवढं पुरतं. नाव गाळलंस तरी चालेल, तपशील गाळलास की गाणं मेलं.”

मी वेडाच झालो. सरांची जुनी गिटार होती, वरची एक तार तुटलेली. ती मी मागून नेली, होस्टेलवर बसून तीन कॉर्ड शिकलो आणि तेवढ्यावर गाणी जुळवायला लागलो. पहिली पाच-सहा काही खास नव्हती. चाळीसगावच्या धुक्यावर एक होतं, आणि एका मुलीवर, जिच्याशी मी कधी बोललोही नव्हतो. सर ऐकायचे आणि म्हणायचे, “छान. पण यात कुणी माणूस नाही रे.”

त्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा अक्का पत्र घेऊन धावतच आली. या वेळी तिकडून आलं होतं, नानांचं. पोरीचं लग्न ठरलं होतं, आखाजीनंतर, वैशाखात. शेवटी नानांनी लिहिलं होतं, मावशीनं नक्की यावं, पोरीची तशी इच्छा आहे. मी ते तीनदा वाचून दाखवलं. अक्का उंबऱ्यावर बसली होती. म्हणाली, “मावशीले बी वव्हरले हयद लावता येस ना?” मला क्षणभर कळलंच नाही. नवरीला हळद लावायचा मान मावशीलाही असतो ना, असं ती विचारत होती. आई आतून म्हणाली, “येते की! का नाही येणार?” आईला ती मावशीच वाटत होती.

आणि हे सगळं माहीत असताना मी जळगावला परत जाऊन आठ दिवसांत ते गाणं केलं.

सगळं गाणं तिच्या न लिहायच्या वाक्यांचं होतं. मला काही रचावंच लागलं नाही. पदर सोडवून घेतलेली मूठ, आखाजीचा हिरवा खण, दोंडाईच्याच्या स्टेशनामागचं पत्र्याचं घर, पथारी, तेल चोळलेले तळवे. धृपद तेवढं माझं:

मिरचीच्या हातानं डोळे पुसू कशी,
मावशी लिहिते पोरी, आई लिहू कशी.

सरांना ऐकवलं. ते चष्मा काढून म्हणाले, “ही बाई खरी आहे?”

“हो सर.”

“तिला विचारलंस?”

मी म्हणालो, “हो. विचारलं. म्हणाली, खुशाल गा.”

नुसतं ‘हो’ म्हणून मी थांबलो नाही. तिचं वाक्यही तयार केलं, तिच्या आवाजात. सर हसले आणि म्हणाले, “मोठ्या मनाची बाई आहे.”

डिसेंबरात धुळ्याच्या एका कॉलेजात युवक महोत्सव झाला. तिथे मी ते गायलो. मागच्या रांगेतली शिट्ट्या मारणारी पोरं पहिल्या कडव्यानंतर गप्प झाली. पदराच्या ओळीला समोरची एक बाई तोंडाला रुमाल लावून रडत होती. तिच्याकडे बघून मी ती ओळ पुन्हा घेतली. गरज नव्हती. तिला आणखी रडवता येतं का, हे मला बघायचं होतं. पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांपैकी एक जण जळगावच्या रेडिओ केंद्रावर ये-जा असणारे होते. त्यांनी ध्वनिमुद्रणाला बोलावलं.

प्रक्षेपण फेब्रुवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी होतं. मी मुद्दाम दोंडाईच्याला गेलो. आईनं चाळभर सांगून ठेवलं होतं. रेडिओ खिडकीत ठेवला, खाली सतरंजी टाकली, पाच-सहा बाया जमल्या. आणि आईनं पत्र्याच्या घरांकडे तोंड करून हाक मारली, “अक्का, ये गं! भाऊ रेडिओवर गाणार आहे!”

मी आईला थांबवू शकलो असतो. पण मनात एक मूर्ख आशा होती, की अक्काला ते आवडेल. आपलं दुःख इतक्या लोकांनी ऐकलं, याचं तिला बरं वाटेल. असं मला खरंच वाटत होतं की नंतर मी तसं ठरवून टाकलं, ते आता सांगता येत नाही.

अक्का पथारीवरून थेट आली होती. दाराशी बसली, तळवे वर करून मांडीत ठेवले. गाणं सुरू झालं. चार मिनिटांचं असेल. मी रेडिओकडे बघत राहिलो. धृपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं बाई, अक्का, ही तर तुमच्या पथारीवरचीच दिसते कुणी!”

अक्का म्हणाली, “पथारीवर मायबहिनी का कमी शेत?” तिथे बाया काय कमी आहेत, असं.

गाणं संपलं. बायांनी माझं कौतुक केलं, आईनं डोळे पुसले, सगळ्यांना शिरा दिला. अक्कानं बशी हातात घेतली, तशीच खाली ठेवली, उठली. माझ्याजवळून जाताना म्हणाली, “गाणं चांगलं शे भाऊ.” आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी जळगावला पळालो. पळालोच म्हणायला हवं, कारण कॉलेजला दोन दिवस सुट्टी होती.

एप्रिलात परीक्षा संपवून घरी आलो. आखाजी तोंडावर आली तरी अक्का पत्र लिहून घ्यायला आली नाही. तीन दिवस मी वाट बघितली. चौथ्या दिवशी दुपारी पोस्टातून आंतर्देशीय पत्र घेतलं आणि स्वतःच तिच्या घरी गेलो. पत्रा तापला होता. ती दारात बसून कापडाची घडी घालत होती.

“अक्का, पत्र लिहायचं ना?”

“नही आते,” ती म्हणाली. आता नाही. आवाज चढलेला नव्हता. “नाना येल व्हता. लगीनले येऊ नको म्हने.”

मी विचारलं, का, आणि विचारतानाच मला माझी लाज वाटली, कारण का ते मला माहीत होतं. नवरदेवाच्या घरी रेडिओ होता. गाण्यातली बाई दोंडाईच्याची, मिरची खुडणारी, आखाजीला हिरवा खण पाठवणारी, आणि नवरीची मावशीही तशीच. त्यांच्याकडच्या कुणा आत्याबाईनं सरळ विचारलं होतं, की मुलीची आई मेली म्हणता, मग ही कोण?

“अक्का, मी नाव घातलं नव्हतं कुठेच,” मी म्हणालो.

ती म्हणाली, “मी तुले सांगं व्हतं, लिखू नको. तू लिखं नही. गाई टाकं.”

तिनं घडी बाजूला ठेवली. ती म्हणाली, “माले इचारं नही तू. तुले ते गाणं व्हतं. माले मनी पोर व्हती.” एवढंच. शिवी नाही, रडणं नाही. उलट पाण्याचा तांब्या पुढे केला, कारण मी उन्हातून आलो होतो. मी ते पाणी प्यालो.

दुसऱ्या दिवशी मी पारोळ्याला गेलो, घरी धुळ्याला जातो सांगून. मार्केटात नाना सापडले. काट्यापाशी उभे होते, अंगावर भुसा. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला पोत्यांच्या थप्पीआड नेलं.

“अक्षर तुमचं का? बरं अक्षर आहे,” ते म्हणाले. “इतकी वर्षं वाचतोय.”

मी त्यांना म्हणालो, की मी नवरदेवाच्या घरी येतो आणि सांगतो, ते गाणं मी मनानं रचलं, अशी बाई कुठे नाही म्हणून.

“आणखी एक खोटं?” नाना म्हणाले. “राहू द्या भाऊ. लग्न मोडलं नाही, हेच खूप झालं. पोरीच्या बापानं सगळ्यांसमोर शपथ घेतली, हिची आई मेली, आणि मावशी-बिवशी कुणी नाही. आता शपथ घेतली म्हटल्यावर तसंच राहायला पाहिजे.”

“आणि मुलगी?”

नानांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं. “तिला चौथी-पाचवीपासून ठाऊक आहे. मावशी कुठे दर आखाजीला खण पाठवते का? ती बोलली नाही, मी बोललो नाही. लग्नाला ये, हे तिनंच मला लिहायला लावलं होतं.”

परतीच्या एसटीत मी ठरवलं, हे गाणं पुन्हा गायचं नाही.

आता सांगतो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जुलैत कॉलेज सुरू झालं. नव्या मुलांच्या स्वागताच्या कार्यक्रमात मी दुसरंच एक गाणं म्हणायला उभा राहिलो. खालून ओरडा सुरू झाला, “मिरची! मिरची!” तोवर त्या गाण्याला सगळे असंच म्हणायला लागले होते. मी नाही म्हणालो. ओरडा वाढला. मग मी गायलो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पदराची ओळ दोनदा घेऊन. अक्काच्या हातचं पाणी पिऊन मला तीन महिनेही झाले नव्हते. आणि गाताना मला वाईट वाटत नव्हतं. छान वाटत होतं. वाईट वाटायला मी खोलीवर पोचेपर्यंतचा वेळ लागला.

त्या रविवारी सरांकडे जाऊन मी सगळं सांगितलं. त्यांनी टेप बंद केला. मग म्हणाले, “तू मला हो म्हणाला होतास.”

“हो सर.”

“तिचं वाक्यसुद्धा सांगितलं होतंस.”

मी गिटार कोपऱ्यात ठेवली. ते घे म्हणाले नाहीत आणि नको म्हणाले नाहीत. नंतरही वर्गात ते माझ्याशी नीट बोलायचे, पण रविवारी ये, असं पुन्हा कधी म्हणाले नाहीत. मी पुढे गाणी केली नाहीत. याला प्रायश्चित्त म्हणण्याचा मोह होतो, पण माझ्याजवळ दुसऱ्याच्या गोष्टीशिवाय काही नव्हतं, हेही तितकंच खरं असावं.

अक्कानं हे आईला सांगितलं नाही, आणि गाण्यावरून आईला काही कळलं असेल तर तिनंही कधी विचारलं नाही. चाळीत कुणालाच सांगितलं नाही. मी घरी आलो की पूर्वीसारखंच विचारायची, कधी आलास, जेवलास का. फक्त पत्र कधी लिहून घेतलं नाही. लग्नासाठी तिनं एक जांभळी साडी घेऊन ठेवली होती, जरीच्या बारीक काठाची. ती तिनं आईला देऊन टाकली. आईला वाटलं, प्रेमानं दिली. नव्वदनंतर मला धुळ्याला नोकरी लागली, लग्न ठरलं, आणि आई माझ्या लग्नात तीच साडी नेसली. मांडवात जायच्या आधी तिच्या निऱ्या नीट करायला अक्का खाली बसली होती. मी मुंडावळ्या बांधून तिथेच उभा होतो. तिनं वर बघितलं नाही. निऱ्या बसवून झाल्या तशी आईला म्हणाली, “आते कशी झाक दिसस!”

या लेखात मी गावं आणि नाती थोडी हलवली आहेत. कुठे काय बदललं ते सांगत नाही. हे तेव्हाही करता आलं असतं, गाण्याचं काहीच बिघडलं नसतं.

अक्का गेली ती छातीच्या आजारानं, धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात. शेवटचे आठ दिवस मी ऑफिस सुटल्यावर जाऊन बसत असे. मी एकदा माफी मागितली. तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिनं उशी वर सरकवायला सांगितली. नानांना मी तार केली होती. ते आले नाहीत.

त्यानंतर काही महिन्यांनी ऑफिसात एक बाई मला भेटायला आल्या. तिशीच्या आतल्या, बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. नानांकडून माझा पत्ता घेतला म्हणाल्या. मी ओळखलं. कपाळ तेच होतं. मी त्यांना खाली कँटीनमध्ये नेलं. त्यांनी दवाखान्याचं विचारलं, शेवटी त्रास झाला का, कोण होतं जवळ. मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “ते गाणं तुमचंच ना?”

“हो.”

“सासरी लागलं होतं म्हणे तेव्हा. मी कुठे ऐकलेलं? नंतर कधी लागलंच नाही. त्यात तिचं बोलणं होतं, असं नाना म्हणाले. आमच्या पत्रांत नव्हतं तसलं.” त्यांनी कप बाजूला सरकवला. “म्हणून दाखवता का? हळू म्हटलं तरी चालेल. किंवा नुसतं सांगा.”

मला शब्दन्‌शब्द पाठ होतं. आजही आहे. समोर त्यांची मुलगी ग्लासातलं पाणी बोटानं टेबलावर पसरत होती. मी म्हणालो, “विसरलो हो. फार दिवस झाले.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं त्यांना कळलं. “बरं,” त्या म्हणाल्या, मुलीचा ओला हात पदरानं पुसला, आणि पारोळ्याची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेलो. वाटेत आम्ही पावसाबद्दल बोललो. गाडी लागलेलीच होती. त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली.

ज्या एका माणसाला ते गाणं ऐकायचा हक्क होता, त्यालाच मी ते ऐकवलं नाही. तेव्हा मला वाटलं, मी संयम पाळला. ऑफिसात परत येऊन फायली उघडल्या, आणि पाचपर्यंत एकही पान पुढे गेलं नाही.